जुळलेली मते, अडलेले निर्णय

३ नोव्हेंबर २०२० रोजी फ्लोरिडातल्या मतदारांपुढे जी मतपत्रिका आली, तिच्यावर अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या नावांबरोबर राज्यघटनेच्या काही दुरुस्त्याही होत्या. दुसऱ्या क्रमांकाची दुरुस्ती किमान वेतनाची होती. ताशी ८.५६ डॉलर असलेले वेतन टप्प्याटप्प्याने वाढवत २०२६ पर्यंत १५ डॉलरवर न्यावे, असा तिचा आशय. ही मागणी डेमोक्रॅटिक पक्षाने लावून धरलेली. राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर आणि हॉटेलमालकांची संघटना तिच्या विरोधात. निकाल लागला तेव्हा रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांनी ५१ टक्क्यांहून थोड्या अधिक मतांनी राज्य जिंकले होते, आणि १५ डॉलरची दुरुस्तीही जवळजवळ ६१ टक्के मतांनी मंजूर झाली होती. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला ६० टक्के मते लागतात. ती अटही तिने पार केली. डेमोक्रॅटिक उमेदवार जो बायडन यांना पडलेले प्रत्येक मत दुरुस्तीच्या बाजूचे होते असे धरले, तरी हा आकडा गाठायला आणखी दहा लाखांच्या घरात मते लागतात. ती प्रामुख्याने ट्रम्प यांच्याच मतदारांनी दिली.

त्याच दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, याच्या उलट घडले. सरकारी नोकऱ्या, सार्वजनिक विद्यापीठांतले प्रवेश आणि सरकारी कंत्राटे देताना वंश किंवा लिंग विचारात घ्यायला तिथे १९९६ पासून बंदी आहे. ती उठवण्याचा प्रस्ताव मतदानाला होता आणि राज्यातले डेमोक्रॅटिक नेतृत्व त्याच्या पाठीशी होते. बायडन यांच्या पारड्यात ६३ टक्क्यांहून अधिक मते टाकणाऱ्या कॅलिफोर्नियाने तो प्रस्ताव ५७ टक्के मतांनी फेटाळला.

या दोन निकालांनी जे एका दिवसात दाखवले, ते अमेरिकेतली जनमत सर्वेक्षणे अनेक दशके सांगत आली आहेत. मतदार पक्षाचा असतो, पण त्याचे प्रत्येक मत पक्षाच्या जाहीरनाम्यातून आलेले नसते. उमेदवार निवडताना दोन तटांत उभे राहणारे लोक धोरणाच्या नेमक्या प्रश्नावर पुष्कळदा एका बाजूला येतात. हे मतैक्य किती खरे आहे, किती खोल आहे, ते कसे मोजतात, मोजताना कुठे फसगत होते, आणि एवढे असूनही ते कायद्यात का उतरत नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मराठी वाचकाला सर्वेक्षण म्हटले की निवडणूक आठवते. मतदान संपते, संध्याकाळी दूरचित्रवाणीवर कोणाला किती जागा हे सांगणारे आकडे झळकतात आणि मतमोजणीच्या दिवशी ते बरोबर ठरतात किंवा साफ चुकतात. यातून सर्वेक्षणाबद्दल एक अढी आपल्या मनात बसली आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. पण जनमत चाचणीचा हा सर्वांत गाजणारा उपयोग तिचा सर्वांत मोलाचा उपयोग नव्हे. कोण जिंकणार हे चार दिवसांनी कळणारच असते. लोकांना सरकारकडून नेमके काय हवे आहे, हे मात्र निवडणुकीच्या निकालातून कधीच पुरते कळत नाही. एका मतात माणूस कर, युद्ध, औषधांच्या किमती, शाळा, उमेदवाराचा स्वभाव आणि विरोधकाची भीती हे सगळे एकत्र बांधून देतो. त्या गाठोड्यातले काय कशासाठी होते, हे विचारल्याशिवाय समजत नाही.

जॉर्ज गॅलप यांना हेच विचारायचे होते. त्यांनी १९३५ मध्ये आपली जनमत संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी त्यांची कसोटी लागली. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या आधारे रिपब्लिकन आल्फ लँडन जिंकणार असे भाकीत केले. गॅलप यांनी त्या मानाने मूठभर, पण काळजीपूर्वक निवडलेल्या लोकांना विचारून फ्रँकलिन रुझवेल्ट जिंकणार असे सांगितले. रुझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाची यादी मोटारगाड्यांच्या नोंदी आणि टेलिफोनची पुस्तके यांवरून केलेली होती. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे या वस्तू होत्या ते देशाचे प्रतिनिधी नव्हते. शिवाय मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांच्यातही फरक होता. किती लोकांना विचारले यापेक्षा कोणाला विचारले हे महत्त्वाचे, हा धडा तिथून मिळाला. गॅलप यांचा ओढा मात्र भाकितापेक्षा लोकशाहीकडे होता. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सामान्य नागरिकाचा आवाज राज्यकर्त्यांपर्यंत पोचावा, म्हणून ही यंत्रणा आहे, असे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले. त्या विचाराशी या पुस्तकाची बांधिलकी आहे.

आता मतैक्याचा पुरावा पाहू. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांनी किती वेळा निवडून यावे याला मर्यादा असावी का, असे प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये विचारले तेव्हा जवळजवळ नव्वद टक्के लोक हो म्हणाले. मतदान करताना सरकारी छायाचित्र ओळखपत्र दाखवणे सक्तीचे असावे, याला ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाठिंबा मिळतो. ही मागणी रिपब्लिकन पक्षाची मानली जाते, तरी डेमोक्रॅट समर्थकांतही तिला बहुमत आहे. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने औषध कंपन्यांशी किमतींबाबत वाटाघाटी कराव्यात, ही मागणी डेमोक्रॅटिक पक्षाची. तिला रिपब्लिकन समर्थकांतही बहुमत आहे. काँग्रेसच्या सदस्यांना शेअर बाजारात व्यवहार करायला बंदी असावी, असे मेरीलँड विद्यापीठाच्या २०२३ च्या सर्वेक्षणात ८६ टक्के लोकांनी सांगितले, आणि दोन्ही पक्षांच्या समर्थकांत टक्केवारीचा फरक नाममात्र होता. म्हणजे हे मतैक्य एकाच विचारसरणीकडे झुकलेले नाही. काही बाबतींत ते डावीकडे जाते, काही बाबतींत उजवीकडे, आणि राज्यकर्त्यांच्या वर्तनाबाबत तर दोन्ही बाजू एकदिलाने बोलतात.

मेरीलँड विद्यापीठातल्या कामाकडे थोडे जवळून पाहायला हवे, कारण या पुस्तकाचा बराचसा भाग त्यावर उभा आहे. तिथल्या 'प्रोग्रॅम फॉर पब्लिक कन्सल्टेशन'चे स्टीव्हन कल यांनी सर्वेक्षणाची वेगळी पद्धत रूढ केली. नेहमीच्या सर्वेक्षणात फोन येतो, एका वाक्याचा प्रश्न येतो आणि समोरच्याने जागच्या जागी उत्तर द्यायचे असते. इथे उत्तरदात्याला काही वेळापुरते धोरणकर्त्याच्या खुर्चीत बसवतात. आधी विषयाची माहिती दिली जाते. मग प्रस्तावाच्या बाजूचा युक्तिवाद, तो किती पटला हे नोंदवायचे. मग विरोधातला युक्तिवाद, तोही किती पटला हे नोंदवायचे. असे सगळे युक्तिवाद झाल्यावर शेवटी शिफारस. ही माहिती आणि हे युक्तिवाद दोन्ही बाजूंच्या जाणकारांकडून आधी तपासून घेतात. आपली बाजू लंगडी मांडली, अशी तक्रार कोणाला करता येऊ नये यासाठी.

सोशल सिक्युरिटी म्हणजे तिथली सार्वत्रिक निवृत्तिवेतन योजना. तिचा राखीव निधी २०३० च्या दशकाच्या मध्यास आटेल आणि नंतर जमा होणाऱ्या करातून ठरलेल्या वेतनाचा सुमारे चार पंचमांश भागच देता येईल, असे योजनेचे विश्वस्त वर्षानुवर्षे सांगत आहेत. दोन्ही पक्षांचे नेते या विषयाला हात लावत नाहीत. कर वाढवला तर एक बाजू तुटून पडणार, लाभ कमी केला तर दुसरी. कल यांच्या चमूने २०२२ मध्ये हा प्रश्न थेट नागरिकांपुढे ठेवला. पगारातून कापला जाणारा कर त्या वर्षी १,४७,००० डॉलरपर्यंतच्याच कमाईवर लागू होता. चार लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर तो पुन्हा लावावा का? नोकरदाराच्या कराचा दर ६.२ टक्क्यांवरून ६.५ वर न्यावा का? पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ६७ वरून हळूहळू ६८ करावे का? सर्वाधिक कमाई असलेल्यांचे लाभ थोडे कमी करावेत का? प्रत्येक उपायाने तूट किती भरून निघेल हेही समोर होते. उत्तरे आली तेव्हा या चारही उपायांना रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट अशा दोन्ही गटांत ठळक बहुमत होते. काही उपायांची झळ उत्तर देणाऱ्यांना स्वतःला बसणार होती. नागरिकांना फुकटचे लाभ हवे असतात, त्याग नको असतो, हा समज या निकालापुढे टिकत नाही. १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन आणि प्रतिनिधिगृहाचे डेमोक्रॅटिक सभापती टिप ओनील यांनी या प्रश्नावर नेमलेल्या ग्रीनस्पॅन आयोगाच्या आधारे अशीच तडजोड केली होती आणि त्या वर्षीच्या कायद्याने निवृत्तीचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ करण्याचे ठरले होते. जे तेव्हा नेत्यांना जमले, ते आज संधी मिळाली तर नागरिकांना जमते.

स्टॅनफर्डचे जेम्स फिशकिन आणखी पुढे गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये देशभरातून नमुना पद्धतीने निवडलेले पाचशेहून अधिक मतदार टेक्सासमध्ये डॅलसजवळ एका ठिकाणी काही दिवस एकत्र आले. लहान लहान गटांत बसून त्यांनी स्थलांतर, आरोग्य, अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि परराष्ट्र धोरण यांवर चर्चा केली, तज्ज्ञांना प्रश्न विचारले. चर्चेआधी आणि चर्चेनंतर त्यांची मते नोंदवली होती. कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांना सक्तीने परत पाठवावे, याला रिपब्लिकन सहभागींचा पाठिंबा ऐंशी टक्क्यांच्या जवळ होता. तो चाळीसच्या आसपास आला. जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या नावे सरकारने रोखे ठेवावेत, या खर्चिक कल्पनेला असलेला डेमोक्रॅट सहभागींचा पाठिंबाही मोठ्या प्रमाणावर घसरला. दोन्ही बाजूंनी आपापल्या टोकाकडून पावले मागे घेतली, आणि तीही समोरच्याचे ऐकून.

इथपर्यंतचा पुरावा आशा वाढवणारा आहे. पण ज्याला या विषयाची खरी कळकळ आहे, त्याने आपल्या आवडत्या आकड्यालाही उलटतपासणीला उभे केले पाहिजे. म्हणून या पुस्तकाची तीन प्रकरणे सर्वेक्षणाच्या मर्यादांवर आहेत.

पहिली मर्यादा प्रश्नाच्या शब्दांची. शिकागो विद्यापीठातून चालणारे जनरल सोशल सर्व्हे हे अमेरिकेतले एक अत्यंत विश्वासार्ह सर्वेक्षण. सरकारचा खर्च कोणत्या बाबींवर कमी पडतो, असे त्यात विचारतात. 'वेल्फेअर'वर खर्च कमी पडतो असे म्हणणारे साधारण वीस-पंचवीस टक्के निघतात; तोच प्रश्न 'गरिबांना मदत' असा विचारला की हा आकडा साठ टक्क्यांच्या वर जातो. दोन्ही प्रश्न एकाच प्रकारच्या सरकारी कामाबद्दल आहेत. मग लोकांचे खरे मत कोणते? दोन्ही खरी आहेत. गरिबाला मदत व्हावी असे त्यांना वाटते आणि फुकटेपणा पोसला जाऊ नये असेही वाटते; कोणती भावना जागी होणार हे प्रश्न ठरवतो. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल यांनी १९६७ मध्येच दाखवले होते की अमेरिकन माणूस तत्त्वाच्या भाषेत सनातनी असतो आणि प्रत्यक्ष योजनांच्या बाबतीत उदार. मतैक्याचा दावा करणाऱ्याने यातली सोयीची अर्धी बाजू उचलू नये.

दुसरी मर्यादा तयारच न झालेल्या मताची. १९७० च्या दशकात सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना '१९७५ च्या पब्लिक अफेअर्स अ‍ॅक्ट'बद्दल मत विचारले. असा कायदाच अस्तित्वात नव्हता. तरी जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी बाजूने किंवा विरोधात मत दिले. वीस वर्षांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने हाच प्रयोग पुन्हा केला आणि त्यात पक्षाचे नाव घातले: काहींना सांगितले की हा कायदा रद्द व्हावा असे अध्यक्ष क्लिंटन यांना वाटते, काहींना सांगितले की तसे काँग्रेसमधल्या रिपब्लिकनांना वाटते. मत देणाऱ्यांचे प्रमाण वाढले, आणि लोक आपापल्या पक्षाच्या इशाऱ्यानुसार विभागले गेले. जेफ्री कोहेन यांचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही हेच सांगतो. त्यात विद्यार्थ्यांनी एखाद्या कल्याणकारी योजनेला तिच्या तपशिलापेक्षा ती कोणत्या पक्षाची आहे हे पाहून पाठिंबा दिला, आणि आपण तपशील पाहूनच ठरवले अशी त्यांची खात्री होती. म्हणजे सर्वेक्षणात दिसणारे मतैक्य पुष्कळदा पक्षाचे नाव जोडण्याआधीचे असते. नाव जोडले की त्यातले किती उरते, हा खरा प्रश्न.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची: सर्वेक्षण मताचा विस्तार मोजते, वजन मोजत नाही. बंदुकांचे उदाहरण घेऊ. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधल्या सँडी हुक प्राथमिक शाळेत एका तरुणाने वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचा नियम प्रदर्शनांतल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीलाही लावावा, असा प्रस्ताव डेमोक्रॅट जो मँचिन आणि रिपब्लिकन पॅट टूमी यांनी सिनेटमध्ये आणला. सर्वेक्षणांत दहापैकी सुमारे नऊ लोक अशा तपासणीच्या बाजूने होते. १७ एप्रिल २०१३ रोजी प्रस्तावाला ५४ मते मिळाली, विरोधात ४६. चर्चा रोखून धरण्याची सिनेटची प्रथा मोडायला ६० लागत होती. प्रस्ताव पडला.

एवढ्यावर थांबलो तर ही जनता विरुद्ध पुढारी अशी सरळ कथा होते. पण मतदानानंतर लगेच प्यू आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' यांनी लोकांना या निकालाबद्दल काय वाटते ते विचारले. ४७ टक्के लोक नाराज किंवा संतप्त होते. ३९ टक्क्यांना आनंद झाला होता किंवा हायसे वाटले होते. रिपब्लिकन समर्थकांत तर सुमारे निम्म्यांना बरे वाटले. तपासणी हवी असे म्हणणाऱ्यांतल्याच अनेकांना तपासणीचा कायदा पडल्याचे समाधान होते, कारण तोवर तो अध्यक्ष ओबामा यांचा कायदा झाला होता. २०१६ मध्ये मेन राज्यात हाच विषय थेट मतपत्रिकेवर आला आणि निसटत्या फरकाने हरला. नेवाडात तो त्याहूनही निसटत्या फरकाने जिंकला. सर्वेक्षणातले नव्वद टक्के प्रत्यक्ष मतदानात पन्नाशीवर आले. मधल्या काळात प्रचार झाला, कायद्याचा मसुदा समोर आला, त्यातल्या तरतुदींवर शंका निघाल्या आणि पक्षाची ओढ जागी झाली. फ्लोरिडातले किमान वेतन या सगळ्यातून तावून सुलाखून निघाले, मेनमधली पार्श्वभूमी तपासणी निघू शकली नाही. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवूनच हे पुस्तक वाचावे, अशी माझी विनंती आहे.

मग सर्वेक्षणातल्या मतैक्याला अर्थ नाही का? आहे, आणि मोठा आहे. फक्त ते कसोटीला उतरलेले आहे की नाही हे पाहावे लागते. औषधांच्या किमतींचे उदाहरण इथे उपयोगी पडते. केएफएफ या आरोग्यधोरण संस्थेने लोकांना आधी फक्त विरोधी युक्तिवाद ऐकवला: वाटाघाटी झाल्या तर कंपन्या नव्या औषधांवर संशोधन कमी करतील. पाठिंबा झपाट्याने खाली आला. नंतरच्या एका पाहणीत दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐकवून पुन्हा विचारले. पाठिंबा ऐंशी टक्क्यांच्या वरच राहिला. एकाच बाजूचे ऐकलेले मत हलते, दोन्ही बाजूंचे ऐकून बनलेले मत पाय रोवून उभे राहते. ज्या मतैक्याने विरोधी युक्तिवाद पचवला आहे, तेच विश्वासाचे.

आता प्रश्न उरतो तो मनांचा. धोरणांवर इतके जुळते, तर देश इतका दुभंगलेला का दिसतो? राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जुना प्रश्न पुन्हा वर काढला: तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केले तर तुम्हाला वाईट वाटेल का? १९६० मध्ये हो म्हणणारे दोन्ही पक्षांत पाच टक्क्यांच्या आसपास होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांश हो म्हणाले. सोयरीक जुळवताना जात पाहणाऱ्या समाजाला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पक्ष ही तिथे आता मतांची नव्हे, तर आपल्या-परक्याची खूण झाली आहे. लिलियाना मेसन यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की धोरणांवर फारसे अंतर नसतानाही माणसे एकमेकांचा तीव्र तिरस्कार करू शकतात. धर्म, वंश, वस्ती आणि पक्ष या ओळखी एकावर एक येऊन बसल्या की तेवढे पुरते. त्यात गैरसमजाची भर पडते. 'मोअर इन कॉमन' या संस्थेने २०१९ मध्ये मोजले तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांना वाटत होते की समोरच्या पक्षात टोकाची मते असणारे निम्म्याहून अधिक आहेत. प्रत्यक्षात ते तीस टक्क्यांच्या आसपास होते. लोक ज्याच्याशी भांडत आहेत, तो विरोधक बराचसा त्यांच्या कल्पनेतला आहे.

असाच गैरसमज लोकप्रतिनिधींचा आपल्या मतदारांबद्दल आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि ख्रिस्तोफर स्कव्ह्रन यांनी राज्यांच्या विधिमंडळांतल्या राजकारण्यांना त्यांच्याच मतदारसंघाचे मत काय असेल याचा अंदाज विचारला. दोन्ही पक्षांच्या राजकारण्यांनी आपल्या मतदारांना ते आहेत त्यापेक्षा कितीतरी अधिक सनातनी समजले होते. जो माणूस पत्र लिहितो, कार्यालयात येऊन बसतो, सभेत उभा राहून जाब विचारतो, त्याचा आवाज कानात राहतो. शिवाय बहुतेक मतदारसंघ आता एकाच पक्षाचे झाले आहेत, त्यामुळे खरी लढत प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत होते आणि तिथे मतदान करणारे थोडे आणि कडवे असतात. मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज यांनी २०१४ मध्ये १,७७९ धोरणप्रश्नांचा अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की श्रीमंतांचे आणि संघटित व्यापारी गटांचे मत हिशेबात धरले, तर सामान्य नागरिकाच्या मताचा धोरणावर स्वतंत्र परिणाम जवळजवळ उरत नाही. मध्यमवर्गाचे आणि श्रीमंतांचे मत बहुतेक प्रश्नांवर जुळतच असते, असा आक्षेप इतर अभ्यासकांनी त्यावर घेतला, आणि तो वजनदार आहे. या वादाला एक प्रकरण दिले आहे.

दार कायमचेच बंद आहे, असेही नाही. मेडिकेअरला किमतींच्या वाटाघाटी करण्यास २००३ च्या कायद्याने मनाई होती. ती १९ वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये उठली, आणि पहिल्या दहा औषधांचे ठरलेले भाव जानेवारी २०२६ पासून लागू झाले. विशेष म्हणजे ज्या मागणीला दोन्ही पक्षांच्या लोकांचा पाठिंबा होता, ती सिनेटमध्ये एकाही रिपब्लिकन मताशिवाय, उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने मंजूर झाली. टेक्सासमधल्या युवाल्डी इथल्या शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यानंतर जून २०२२ मध्ये बंदुकांबाबतचा मर्यादित कायदा मात्र दोन्ही पक्षांच्या मतांनी, सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३ असा झाला. नोव्हेंबर २०२१ चा पायाभूत सुविधांचा कायदाही तसाच. जनमत कायदा घडवत नाही. ते संधी तयार ठेवते. तिचा उपयोग करणारी माणसे आणि वेळ जुळून यावी लागते.

मतैक्याबद्दल एवढ्या आस्थेने लिहिताना एक भान मी सोडलेले नाही. बहुमत म्हणजे न्याय नव्हे. गॅलप यांच्या संस्थेने १९५८ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाबद्दल विचारले तेव्हा फक्त चार टक्के लोकांनी मान्यता दिली होती. २०२१ मध्ये हा आकडा ९४ होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये अशा विवाहांवरची बंदी रद्द केली, तेव्हा जनमत त्या निर्णयाच्या बरेच मागे होते. हक्कांचा प्रश्न आला की सर्वेक्षणाने निकाल देऊ नये. तसेच गर्भपातासारख्या प्रश्नांवर दोन्ही बाजूंतले अंतर खरे आहे, ते कोणत्याही प्रश्नावलीने झाकता येणार नाही आणि झाकूही नये. हे पुस्तक सगळे अमेरिकन एकाच मताचे आहेत असे सांगत नाही. शासनाच्या रोजच्या कामात, पैसा, नियम, सेवा आणि सचोटी यांच्या बाबतीत, समजले जाते त्याहून खूप अधिक एकमत आहे, एवढेच ते पुराव्यानिशी सांगते.

पुस्तकाची रचना अशी आहे. पहिल्या भागात सर्वेक्षण कसे होते ते आहे: नमुना, प्रश्न, त्रुटीची मर्यादा, आणि फोन उचलणारेच कमी झाल्यामुळे आलेली अडचण. प्यूच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत. २०१८ मध्ये सहा टक्के देऊ लागले. त्यामुळे पद्धतच बदलावी लागली, ती का आणि कशी, हे तिथे येईल. दुसऱ्या भागात एकेक धोरण घेऊन मतैक्याचा पुरावा तपासला आहे. तिसऱ्या भागात ते कुठे तुटते, आणि चौथ्यात ते कायद्यापर्यंत का पोचत नाही, याचा शोध आहे. आकडा दिसला की वाचकाने चार गोष्टी विचाराव्यात: कोणाला विचारले, कोणत्या शब्दांत विचारले, दुसरी बाजू ऐकवली होती का, आणि या मतासाठी माणूस काही सोडायला तयार होता का. एवढी सवय लागली तरी पुस्तकाचे काम झाले असे मी समजेन.

हे मराठीत का? अमेरिकेत घर केलेल्या मराठी कुटुंबांची दुसरी पिढी आता तिथली मतदार आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून तिथल्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले आहेत. तिथले राजकारण आपल्याकडे बातम्यांतून पोचते ते भांडणाच्या रूपात, आणि ते पाहून तो सगळा देशच वेडापिसा झाला आहे असे मत इथे सहज बनते. ते अन्यायकारक आहे. दुसरे कारण घरचे आहे. आपल्याकडेही दिल्लीच्या लोकनीतीसारख्या उपक्रमाने १९९७ पासून निवडणुकीपलीकडचे प्रश्न विचारण्याची परंपरा घडवली आहे. पण एखाद्या धोरणाच्या दोन्ही बाजू नागरिकापुढे ठेवून, त्याला विचार करायला वेळ देऊन त्याची शिफारस मागणे, हे काम आपल्याकडे वाढायला पुष्कळ वाव आहे. पाणीवाटप, पीकविमा, शाळांचे एकत्रीकरण, शहरांतली वाहतूक, या प्रश्नांवर आपल्या गावातल्या विरोधी पक्षांच्या मतदारांचे किती जुळते, हे आपण विचारून पाहिलेले नाही. ते विचारावे, नीट विचारावे, आणि आलेले उत्तर आपल्या प्रतिनिधीसमोर नेऊन ठेवावे. सामान्य माणसाच्या विवेकावर विश्वास ठेवायला पुरावा लागतो. तो गोळा करण्याची पद्धत या पुस्तकात आहे.